अवघड मैदान आणि कच्चा खेळाडू

(द्वितीय वर्ष कला, मानसशास्त्र)

गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ, असे आपण ऐकत आलो आहोत आणि ते फारसे खोटेही नाही. तेव्हा महाविद्यालयाच्या वार्षिकात या खेळावरचा लेख पाहून वाचकांना नवल वाटेल. त्यातून लेखक कोण, तर घराण्यात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेला, पत्र्याच्या घरात राहणारा एक विद्यार्थी! म्हणून माझा या विषयाशी काय संबंध, ते आधी सांगतो.

आमची वस्ती पुण्यात येरवड्याला. माझे वडील, त्यांना आम्ही आण्णा म्हणतो, गेली बावीस वर्षे गोल्फच्या मैदानावर कॅडी आहेत. कॅडी म्हणजे खेळाडूची पिशवी वाहणारा माणूस. पण पिशवी वाहणे हे त्याच्या कामातले सर्वांत सोपे काम. चेंडू कुठे पडला त्यावर नजर ठेवायची, अंतर सांगायचे, वाऱ्याचा अंदाज द्यायचा, आणि साहेबांचा फटका चुकला की गप्प राहायचे, हे खरे काम. दहावीची परीक्षा झाल्यापासून सुट्ट्यांमध्ये मीही हे काम करीत आलो आहे.

मागील वर्षी मानसशास्त्राच्या तासाला 'प्रेरणा' हे प्रकरण चालू होते. सरांनी वर्गाला विचारले, "काम अवघड असले म्हणजे माणसाचा उत्साह वाढतो की कमी होतो?" वर्गात लगेच दोन तट पडले. मी काहीच बोललो नाही, कारण माझ्या डोळ्यांपुढे मैदान आले. एकाच मैदानावर सारख्याच कच्च्या खेळाडूंपैकी एकजण हसत परत येतो आणि दुसरा पिशवी आपटून निघून जातो, हे मी कित्येकदा पाहिले होते. असे का होते? या प्रश्नाचा मी माझ्या कुवतीप्रमाणे जो अभ्यास केला, तो येथे मांडत आहे.

खेळाची तोंडओळख

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देणे आवश्यक आहे. गोल्फच्या पूर्ण मैदानात १८ भोके असतात. प्रत्येक भोकाचा व्यास सव्वाचार इंच. हे माप स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील संस्थेने १८९१ साली ठरवून दिले आणि आज ते जगभर चालते. 'टी' नावाच्या जागेवरून चेंडू मारायला सुरुवात करायची. मधला नीट कापलेल्या गवताचा पट्टा म्हणजे 'फेअरवे', त्याच्या दोन्ही बाजूंचे वाढलेले गवत म्हणजे 'रफ', वाळूचे खड्डे म्हणजे 'बंकर', आणि भोकाभोवतीची गालिच्यासारखी हिरवळ म्हणजे 'ग्रीन'. प्रत्येक भोकाला तीन, चार किंवा पाच फटक्यांचा हिशेब ठरलेला असतो. त्याला 'पार' म्हणतात. अठरा भोकांचा पार बहुधा ७० ते ७२ असतो. कमी फटक्यांत जो खेळ संपवील तो जिंकला.

मुरलेला खेळाडू पारच्या आसपास खेळतो. सामान्य हौशी माणसाला वीस-पंचवीस फटके सहज जास्त लागतात. दोघांना एकत्र खेळता यावे म्हणून कच्च्या खेळाडूला फटक्यांची सूट मिळते. तिला 'हँडिकॅप' म्हणतात.

आता शिक्षांविषयी. चेंडू वाळूत गेला तर तिथूनच तो बाहेर काढायचा. एखाददुसरा फटका वाया जातो, एवढेच. पाण्यात गेला तर एका फटक्याचा दंड. पण चेंडू हरवला किंवा हद्दीबाहेर गेला, तर एका फटक्याचा दंड आणि शिवाय पहिल्या जागेवर मागे जाऊन पुन्हा मारायचे! शोधण्यासाठी पूर्वी पाच मिनिटे मिळत. २०१९ च्या नियमांपासून तीनच मिनिटे मिळतात. या तीन प्रकारच्या शिक्षांमधला फरक वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढील सारे विवेचन त्यावर उभे आहे.

दोन साहेब

एका पावसाळ्यात मी एका नवशिक्या साहेबांची पिशवी घेतली होती. पावसाळ्यात रफ गुडघ्याला लागते. साहेबांचा चेंडू उजवीकडे वळायचा आणि दर वेळी त्या गवतात जाऊन दडायचा. आम्ही दोघे कमरेत वाकून शोधत राहायचो. मागून येणारी मंडळी कमरेवर हात ठेवून उभी राहायची. साहेब ओशाळायचे, घाई करायचे आणि पुढचा फटका आणखी बिघडायचा. नवव्या भोकापर्यंत सात चेंडू गेले. साहेबांनी मला पूर्ण अठरा भोकांचे पैसे दिले आणि घरी निघून गेले. पुढे ते मैदानावर दिसले नाहीत.

त्याच महिन्यात दुसरे एक साहेब होते. पासष्टी ओलांडलेली, खेळ यथातथाच. त्यांचा फटका जेमतेम दीडशे यार्ड जायचा, पण सरळ जायचा. त्यांना पहिल्या साहेबांपेक्षा फटके काही फार कमी लागत नव्हते. परंतु चेंडू कायम डोळ्यांसमोर असे. वाळूत अडकले की हसून म्हणत, "चल, खणू या थोडं." ते दर बुधवारी यायचे.

संध्याकाळी मी आण्णांना हा प्रकार सांगितला. ते म्हणाले, "अरे, माणूस जास्त फटके मारून दमत नाही. चेंडू शोधून दमतो."

आण्णा चौथीपर्यंत शिकले आहेत. त्यांचे हे एक वाक्य मी वहीत लिहून ठेवले आणि नंतर ग्रंथालयात व संगणकावर जे वाचले ते या वाक्याशी ताडून पाहत गेलो.

अवघडपणाचे मोजमाप

मैदान किती अवघड आहे, हे मोजण्याची एक पद्धत आहे हे मला वाचनातून कळले. त्यात एका मैदानाला दोन अंक देतात. पहिला अंक सांगतो, की निष्णात खेळाडूला तेथे साधारण किती फटके लागतील. दुसऱ्या अंकाला 'स्लोप' म्हणतात. निष्णाताच्या मानाने सामान्य खेळाडूला ते मैदान किती जास्त जड जाईल, हे तो सांगतो. स्लोप कमीत कमी ५५ आणि जास्तीत जास्त १५५ असतो. ११३ हा मध्यम धरतात. या मोजणीत निष्णात पुरुष खेळाडूचा पहिला फटका २५० यार्डांचा आणि सामान्य खेळाडूचा २०० यार्डांचा धरलेला असतो.

उदाहरणार्थ, ज्याचा हँडिकॅप २० आहे त्याला ११३ स्लोपच्या मैदानावर २० फटक्यांची सूट मिळेल. १४० स्लोपच्या मैदानावर ती सुमारे २५ होईल आणि ९५ च्या मैदानावर १७ वर येईल. (यात आणखी एक किरकोळ दुरुस्ती करतात, ती येथे सोडून दिली आहे.)

या गणितातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. दोन मैदाने निष्णाताला अगदी सारखीच अवघड असू शकतात, आणि तरीही त्यांपैकी एक सामान्य माणसाला बरे व दुसरे असह्य असू शकते. टीसमोर १८० यार्ड रुंद तळे आहे असे समजा. निष्णात खेळाडू त्या तळ्याकडे पाहतसुद्धा नाही. दीडशे यार्ड मारणाऱ्याला मात्र ती भिंतच. याउलट ग्रीन जरा उतरती, वळणावळणाची केली, तर निष्णाताची परीक्षा होते. कच्च्या खेळाडूला तेथे एखादा फटका जास्त लागेल, पण त्याचा चेंडू हरवत नाही. म्हणजे 'अवघड' हा शब्द आपण एकवचनी समजतो, तेथेच चूक होते. कोणासाठी अवघड, हे विचारल्याशिवाय तो शब्द अपुरा आहे.

दोन विचारसरणी

मैदाने आखणाऱ्यांमध्ये याविषयी जुना मतभेद आहे. अमेरिकेत पिट्सबर्गजवळ ओकमाँट नावाचे मैदान विसाव्या शतकाच्या आरंभी हेन्री फाउन्स यांनी आखले. चुकीचा फटका मारला की त्याची शिक्षा झालीच पाहिजे, हे तेथील धोरण. एके काळी तेथे बंकरमधल्या वाळूत खास जड दंताळ्याने खोल सऱ्या ओढून ठेवीत, म्हणजे चेंडू सरीत बसला की बाहेर निघणे मुश्कील! २०२५ साली तेथे अमेरिकन ओपन स्पर्धा झाली. चार दिवसांचा खेळ संपला तेव्हा जगातल्या त्या निवडक खेळाडूंपैकी पारच्या खाली फक्त विजेता होता, तोही एकाच फटक्याने. जगज्जेत्यांची परीक्षा घेण्यासाठी असे मैदान उत्तमच. पण आमच्या बुधवारच्या साहेबांना तेथे उभे केले तर काय होईल?

दुसरी विचारसरणी सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावरून आली. हे मैदान कोणा एकाने आखलेले नाही. समुद्रकाठच्या माळावर शतकानुशतके खेळत खेळत ते घडले. तेथे बंकर शंभरावर आहेत आणि काही तर माणूस बुडेल इतके खोल. तरीही त्या गावातली साधी माणसे, म्हातारी माणसे तेथे पिढ्यान्‌पिढ्या आनंदाने खेळत आली आहेत. याचे कारण मैदानाची रुंदी. जवळचा रस्ता खड्ड्यांच्या काठावरून जातो. ज्याला धीर नाही त्याने बाजूने, लांबच्या रस्त्याने जावे. एक फटका जास्त लागेल, पण चेंडू राहील आणि खेळ चालू राहील.

या मैदानाच्या सतराव्या भोकाची एक हकीकत प्रसिद्ध आहे. १९७८ च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत जपानचे नामवंत खेळाडू नाकाजिमा दोन फटक्यांत ग्रीनवर पोहोचले होते. तिथून त्यांचा चेंडू घरंगळून शेजारच्या बंकरात पडला. त्यातून बाहेर पडायला त्यांना चार फटके लागले आणि चारच्या भोकाला एकूण नऊ झाले. सामान्य खेळाडू हेच भोक पाच फटक्यांचे समजून, बंकर टाळून खेळला तर हसत पुढे जाऊ शकतो. खड्डा एकच, तो महत्त्वाकांक्षेच्या वाटेवर आहे, साध्या माणसाच्या वाटेवर नाही.

अमेरिकेचे थोर खेळाडू बॉबी जोन्स १९२१ साली याच मैदानावर प्रथम खेळले. अकराव्या भोकाशी बंकरात अडकून ते इतके वैतागले की त्यांनी चेंडू उचलून घेतला आणि स्पर्धेतून अंग काढले. पुढे मात्र त्याच मैदानावर त्यांनी १९२७ साली ओपन आणि १९३० साली ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धा जिंकली. मैदान समजायला त्यांना वेळ लागला, आणि समजल्यावर ते त्यांचे अत्यंत आवडते झाले.

सेंट अँड्र्यूजचा असाच अभ्यास अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी या गृहस्थांनी केला. ते मूळचे डॉक्टर. त्यांनी १९२० साली मैदानांच्या आखणीवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात चांगल्या मैदानाची लक्षणे देताना चेंडू शोधण्याचा त्रास नसावा, आणि फटके कितीही जास्त लागले तरी कच्च्या खेळाडूला खेळाची मजा यावी, अशा आशयाचे मुद्दे आहेत. ते वाचताना मला आण्णांचे वाक्य आठवले आणि खरे सांगतो, अभिमान वाटला.

पुढे मॅकेन्झी आणि जोन्स यांनी मिळून जॉर्जिया राज्यात ऑगस्टा येथे मैदान आखले. ते १९३३ साली खुले झाले. सुरुवातीला तेथे रफ जवळजवळ नव्हतेच आणि बंकरही मोजकेच होते. तेराव्या भोकाला ग्रीनपुढून ओढा वाहतो. ताकदवान खेळाडू दोन फटक्यांत ओढ्यापलीकडे जाण्याचे धाडस करतो आणि कधी बुडतो. साधा खेळाडू दुसरा फटका ओढ्याच्या अलीकडे ठेवतो आणि तिसऱ्या छोट्या फटक्याने पलीकडे जातो. पाणी दोघांनाही ओलांडावे लागते. पण किती अंतरावरून ओलांडायचे, ते ज्याचे त्याने ठरवायचे.

मग सोपेच का करू नये?

येथे कोणी विचारील, मग अवघडपणा काढूनच टाकला तर? खड्डे बुजवा, गवत कापा, सपाट करा! माझ्या मते तेही चुकीचे ठरेल. मिहाय चिकसेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञांनी गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, शल्यविशारद अशा निरनिराळ्या लोकांचा अभ्यास करून १९७५ साली एक विचार मांडला. काम कौशल्यापेक्षा फार जड असले तर चिंता वाटते आणि फार हलके असले तर कंटाळा येतो. दोहोंचा मेळ बसला म्हणजे माणूस वेळेचे भान विसरून त्यात रंगून जातो. या अवस्थेला त्यांनी 'प्रवाह' अशा अर्थाचे नाव दिले.

हे मी मैदानावर पाहिले आहे. बुधवारच्या साहेबांचा एखादा चेंडू वाळूतून उडून थेट भोकाजवळ जाऊन थांबायचा. त्या दिवशी ते त्याच एका फटक्याविषयी गाडीपर्यंत बोलत राहायचे. सपाट गवतावरचा शंभर यार्डांचा सरळ फटका कोणी घरी जाऊन सांगत नाही. खड्डा असावा, त्यातून निघता यावे, एवढीच अट.

कच्च्या खेळाडूसाठी आणखीही काही सोयी काढल्या गेल्या आहेत. एक म्हणजे निरनिराळ्या टी. पुढच्या टीवरून खेळले की अंतर घटते. अमेरिकेतील संस्थांनी २०११ साली आपापल्या ताकदीप्रमाणे पुढे येऊन खेळा, अशी मोहीमच काढली. पण मी पाहतो, पुष्कळ साहेबांना पुढच्या टीवर जाण्यात कमीपणा वाटतो. मागच्या टीवरून खेळतात आणि दिवसभर कुढतात. येथे दोष मैदानाचा नाही.

दुसरी सोय इंग्लंडमधील डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांची. वॉलसी येथील समुद्रकाठच्या मैदानावर वारा फार. एकदोन भोकांवर घात झाला की लोक नाउमेद होऊन खेळ सोडीत. म्हणून १९३२ साली त्यांनी गुणांची पद्धत सुरू केली. सूट धरून पारमध्ये भोक केले तर दोन गुण, एक फटका जास्त लागला तर एक, त्याहून जास्त लागले तर शून्य. शून्याच्या खाली काही नाही! एका भोकावर दहा फटके लागले तरी नुकसान त्या भोकापुरते. पुढचे भोक नव्या उमेदीने खेळता येते.

सोमवार

शेवटी थोडे स्वतःविषयी. सोमवारी मैदान बंद असते, तेव्हा आम्हा कॅडींना खेळू देतात. माझ्याजवळ साहेबांनी दिलेल्या तीनच जुन्या काठ्या आहेत. एका भोकाशी वाटेत तळे आहे. ते एका फटक्यात ओलांडायचे, या हट्टापायी मी दर सोमवारी सापडलेले, जपून ठेवलेले चेंडू बुडवीत असे.

त्या सुमारास प्रथम वर्षाच्या पहिल्या सत्राचा निकाल लागला होता आणि मी इंग्रजीत नापास झालो होतो. वर्गात इंग्रजी कादंबरीचे पान वाचायला उभे केले की माझी जीभ टाळ्याला चिकटे. महाविद्यालय सोडून पूर्णवेळ कॅडीचे काम धरावे, असे मनाशी ठरवून टाकले होते. फक्त घरी सांगायचे राहिले होते. त्या सोमवारी ते सांगावे म्हणून मी आण्णांबरोबर गेलो. तळ्याशी आलो. पहिला चेंडू बुडाला. दुसरा बुडाला. तिसरा खिशातून काढला तेव्हा आण्णा म्हणाले, "तुला कोणी सांगितलं पाण्यावरूनच जायला? डावीकडून वाट आहे की."

मी डावीकडे मारला. तिसऱ्या चेंडूने, आखूड फटके मारीत, सहाव्या फटक्यात भोक केले. पार चारचा होता. पण त्या मैदानावर ते भोक मी प्रथमच पूर्ण केले होते. जे सांगायला गेलो होतो ते सांगितले नाही.

दुसऱ्या आठवड्यात इंग्रजीच्या बाईंना भेटलो. त्यांनी कादंबरी बाजूला ठेवली आणि रोज पाच वाक्ये लिहून आणायला सांगितले, कशावरही. मी मैदानावर लिहू लागलो. पाचाची दहा झाली, दहाचे पान झाले. परीक्षेला प्रश्नपत्रिका माझ्यासाठी वेगळी नव्हती आणि उत्तीर्ण होण्याचे गुणही तेवढेच होते. वर्षअखेरीस मी उत्तीर्ण झालो. गुण सांगण्यासारखे नाहीत, पण पुरेसे आहेत.

सरांच्या प्रश्नाचे उत्तर मी त्या दिवशी वर्गात दिले नाही, ते येथे देतो. काम अवघड असल्याने कच्च्या माणसाचा उत्साह जातोच असे नाही. पुढे जायला एकच वाट ठेवली, आणि ती नेमकी त्याच्या ताकदीपलीकडची असली, म्हणजे तो जातो. दुसरी वाट लांबची असली तरी चालते, तिच्यात दोन फटके जास्त लागले तरी चालतात. भोक मोठे करून देण्याची मागणी कोणी करीत नाही. ते सर्वांना सव्वाचार इंचाचेच असावे.

बुधवारचे साहेब अजून येतात. आता त्यांची पिशवी आण्णा घेतात, कारण बुधवारी मला तास असतात.